ऋण कार्य

वार्षिक पत्रकात रुक्मा ढेबेच्या नावापुढे जो आकडा आला, त्याच्या आधी उणे चिन्ह होतं. उणे दोन लाख चौदा हजार ज्यूल.

भोरकडा घाट बचाव पथकात चोवीस माणसं होती. वीस-एक जणांचे आकडे लाखांत होते, दोघा-तिघांचे शून्याच्या आसपास. उणे फक्त रुक्माचा. कागद भिंतीवर लावलेला होता आणि सगळे तो वाचून झाल्यावर तिच्याकडे न बघण्याची काळजी घेत होते.

"म्हणजे मी वर्षभर काम केलं नाय, एवढंच नाय तर झालेलं कामसुद्धा बिघडवलं?" रुक्मा म्हणाली आणि हसली. दुसरं कोणी हसलं नाही.

ती चव्वेचाळीस वर्षांची होती. घाटातल्या धनगरवाडीत वाढलेली. दरीत अडकलेलं जनावर दोराने वर काढायला ती लहानपणीच शिकली होती. पुढे सरकारने पथक उभारलं तेव्हा तिला बोलावून घेतलं गेलं. या गोष्टीला बावीस वर्षं झाली. तिचं काम एकच, दोर धरायचा. कड्यावरून खाली जाणारा माणूस वेगळा, त्याचा दोर वर धरून उभी राहणारी रुक्मा. गेली बारा वर्षं खाली जाणारा माणूस होता दिगंबर मोरे. तिच्याहून सहा वर्षांनी लहान, तिला ताई म्हणणारा, तिच्या घरची नाचणीची भाकरी हक्काने मागून खाणारा.

दिगंबरचा आकडा होता एकोणीस लाख. सगळ्यांत वरचा. त्यामुळे त्याच महिन्यात तो पथकप्रमुख झाला.

*

कार्यपट्टा पथकाला मिळून एक वर्ष झालं होतं. कमरेला पट्टा, हातमोज्यांत आणि बुटांच्या तळव्यांत शिवलेले बारीक संवेदक. बनवणाऱ्या डॉ. वरदा सबनीस पत्रक लागल्यावर स्वतः घाटात आल्या आणि पथकाच्या खोलीत फळ्यासमोर उभ्या राहिल्या. पस्तिशीच्या, बारीक चणीच्या, बोलताना हातातला खडू सारखा फिरवणाऱ्या.

"पट्टा सेकंदाला शंभर वेळा दोनच गोष्टी मोजतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही किती बल लावलं, आणि त्या बलाच्या दिशेत वस्तू किती सरकली. दोहोंचा गुणाकार म्हणजे कार्य. तुम्ही पोतं उचललंत, बल वर आणि पोतंही वर, तर कार्य धन. पोतं डोक्यावर घेऊन नुसते उभे राहिलात, तर विस्थापन शून्य, म्हणून कार्यही शून्य. आणि पोतं हळूहळू खाली उतरवलंत, तर तुमचं बल वरच्या दिशेला पण पोतं खाली चाललंय. दिशा उलट. कार्य ऋण."

"दिगू वर चढतो, त्याचं धन," रुक्मा म्हणाली.

"बरोबर. त्यांचं स्वतःचं वजन ते वर नेतात."

"आणि जखमी माणसाला मी दोराने खाली सोडते, ते ऋण."

"दोर अडवणाऱ्या ब्रेकप्लेटवर बहुतेक ऊर्जा उष्णतेत जाते. तुमच्या हाताच्या वाट्याला येतं ते ऋण, हो." वरदा थोड्या अवघडल्या. "यात तुमचा अपमान नाही, रुक्माताई. ही भौतिकशास्त्राची व्याख्या आहे. दिवसभर भिंत ढकलली तरी भिंत हलली नाही तर कार्य शून्य."

"भिंत पडत असेल आणि मी ती टेकू देऊन धरली, तर?"

"तरी शून्य."

"मग भिंत पडली नाय, ते कोणाचं काम?"

खोलीत खसखस पिकली. वरदांनी खडू खाली ठेवला. त्या प्रामाणिक बाई होत्या. हा पट्टा त्यांनी कोणाला छळायला बनवला नव्हता. पूर्वी पथकांत साहेबाच्या मर्जीवर शेरे लिहिले जायचे, ते थांबावेत म्हणून तो आला होता. गोदामांमध्ये बायका पुरुषांइतकंच वजन चढवतात, हे पहिल्यांदा याच पट्ट्याने आकड्यांत दाखवलं होतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

"तुमचा प्रश्न चुकीचा नाही," त्या म्हणाल्या. "मला दोन महिने द्या."

*

दोन महिन्यांनी त्या नवा पट्टा घेऊन आल्या. या वेळी छातीला लावायची एक पट्टी होती आणि दंडाला चिकटवायच्या चकत्या.

"स्नायू हा टेबलासारखा नसतो," त्यांनी सांगितलं. "टेबलावर पुस्तक वर्षभर ठेवा, टेबलाला काही लागत नाही. पण तुम्ही वजन धरून स्थिर उभ्या असता तेव्हा स्नायूतले हजारो बारीक धागे एकमेकांना पकडतात, खेचतात, सोडतात, पुन्हा पकडतात. प्रत्येक पकडीला इंधन लागतं. बाहेरून बघणाऱ्याला हालचाल शून्य, आत मात्र भट्टी पेटलेली. म्हणून माणूस थकतो. ही पट्टी ते आतलं इंधन मोजते. आता तुमचा आकडा उणे येणार नाही."

"लावून बघू," रुक्मा म्हणाली. "पण एकटी नाय. तुम्हीपण धरा."

अंगणातल्या खांबाला दोन दोर बांधले, दोन्हींना सारख्याच वजनाच्या वाळूच्या गोण्या लटकवल्या. वीस मिनिटं धरायचं ठरलं. वरदांनी दोर मुठीत आवळला, ओठ घट्ट मिटले, सातव्या मिनिटाला त्यांचे दंड थरथरू लागले आणि बाराव्या मिनिटाला गोणी जमिनीवर टेकली. रुक्मा एक पाय मागे रोवून, दोर कमरेमागून घेऊन, चहाला उभी असावी तशी उभी होती. तिची बोटंसुद्धा सैल दिसत होती.

पडद्यावर आकडे आले. बारा मिनिटांत वरदांनी जाळलेलं इंधन रुक्माच्या वीस मिनिटांच्या तिप्पट होतं.

रुक्माने दोर सोडला आणि शांतपणे एकेक चकती दंडावरून सोलून काढली.

"पहिला पट्टा म्हणतो मी काम बिघडवते. दुसरा म्हणतो, मॅडम माझ्या तिप्पट कामाच्या, गोणी पाडून. हात सैल ठेवायला शिकायला मला आठ वर्षं लागली, मॅडम. जेवढं मला जास्त येतं, तेवढं तुमचं यंत्र मला कमी देतं. मी हा पट्टा परत लावणार नाय. हा नाय, अन् आधीचा तर नायच."

"पट्टा न लावणं म्हणजे नियमभंग, ताई," दिगंबर हळूच म्हणाला.

"मग तू प्रमुख आहेस. काय करायचं ते कर."

आठ दिवसांनी जिल्ह्यावरून हुकूम आला. सर्वांत कमी आकड्याची तीन माणसं साठाखोलीत हलवायची आणि दोर सोडायचं काम नव्या दोरयंत्राकडे द्यायचं. हुकमाखाली पथकप्रमुखाची सही लागत होती. दिगंबरने सही केली. कागद मात्र त्याने रुक्माच्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवून तो बाहेर निघून गेला. त्यानंतर भाकरी मागायला तो आला नाही.

साठाखोलीत रुक्माबरोबर भिकू आखाडे होता. कड्याखाली सापडलेल्या माणसाचा मणका मोडलेला असू शकतो. त्याला हलवेपर्यंत त्याची मान दोन्ही हातांत धरून बसणं हे भिकूचं काम. कधी दोन-दोन तास. त्याचा आकडा शून्य होता. वायरलेसवर बारा-बारा तास कान लावून बसणारी शैलाही तिथेच होती. तिघं हेल्मेटं पुसत आणि दोरांच्या गुंडाळ्या मोजत बसायची.

*

जानेवारीतल्या एका सकाळी अकराच्या सुमारास स्ट्रॉबेरीचा टेम्पो कठडा तोडून दरीत गेला. ड्रोनने शोध लावला. टेम्पो सत्तर मीटर खाली एका कंगोऱ्यावर अडकला होता, आत चालक सलीम मुजावर जिवंत होता. त्या कड्याशी वारा असा गरगर फिरतो की माणूस उचलणारं मोठं ड्रोन तिथे टिकत नाही. माणसानेच उतरायला हवं होतं.

साठाखोलीची गाडी सामान घेऊन आली, तिच्यातून रुक्मा उतरली. काळ्या कातळावर ठिकठिकाणी स्ट्रॉबेरी फुटून लाल डाग पडले होते. दोरयंत्र कड्यावर रोवून झालं होतं आणि त्याची पहिलीच कामगिरी म्हणून वरदा सबनीस त्याच्या पडद्याशी बसल्या होत्या. नियमाप्रमाणे यंत्राच्या दोरासोबत एक दुसरा दोर लागतो, सुरक्षेचा. तो धरायला एक नवा गडी हातमोजे चढवत होता. रुक्मा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. त्याने दोर देऊन टाकला.

दिगंबर कड्याच्या टोकाशी हार्नेस आवळत होता. "ताई, तुझं नाव आजच्या यादीत नाही."

"यादी राहू दे."

"पट्टासुद्धा नाही तुझ्या कमरेला."

"दिगू, खाली माणूस आहे. भांडायचं असेल तर वर आल्यावर भांड."

तो पाठमोरा होऊन कड्यावरून उतरला.

पहिला टप्पा सुरळीत गेला. यंत्राने त्याला एका गतीने, धक्का न देता खाली नेलं. टेम्पोचा दरवाजा कापायला पाऊण तास गेला. सलीमचा पाय चेपला होता. त्याला स्ट्रेचरवर बांधून दिगंबर स्वतः त्याच्यासोबत लटकला. तिथून खालच्या रस्त्यापर्यंत अजून साठ मीटर उतरायचं होतं. रस्त्यावर रुग्णवाहिका उभी होती.

"सोडा," वॉकीटॉकीवर दिगंबरचा आवाज आला. यंत्र घुरघुरत दोर सोडू लागलं. रुक्माही त्याच्या चालीने आपला दोर सोडत गेली.

वीसेक मीटर झाले असतील. रुक्माच्या तळहाताला दोरातून खरखर जाणवली. दोर दगडावर घासला की एक सरळ कंप येतो, तो तिला ठाऊक होता. हा तसा नव्हता. हा थांबून थांबून येत होता, जणू दोराच्या बाजूला टेकलेली कुठलीतरी मोठी वस्तू किंचित सरकतेय आणि पुन्हा टेकतेय. कंगोऱ्याच्या वर एक बैलगाडीएवढा धोंडा होता. यंत्राचा दोर त्याच्या माथ्यावरून गेला होता, तिचा त्याच्या कुशीला लागून.

तिने दोर बंद केला.

यंत्र दोर सोडतच राहिलं. हळूहळू दोघांचं सगळं वजन यंत्राच्या दोरावरून रुक्माच्या दोरावर आलं. ब्रेकप्लेट करकरली. यंत्राच्या दोरावर भार उरला नाही, तेव्हा त्याने माणसं जमिनीवर पोचली असं धरलं आणि ते आपोआप थांबलं. वरदांच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं, काम पूर्ण.

"रुक्माताई, काय झालं?" वरदा ओरडल्या. "ते अजून हवेत आहेत!"

"ठाऊक आहे."

वॉकीटॉकी खरखरला. "ताई, दोर का थांबला? आम्ही अधांतरी आहोत."

"वरचा धोंडा हलतोय, दिगू. डावीकडे कपार आहे. भिंतीला पाय लावून झोका घे आणि तिच्यात शिर."

"मला इथून काही हलताना दिसत नाही. पेशंटचा श्वास बिघडतोय. पाच मिनिटांत आम्ही खाली पोचतो. सोड."

"नाय."

"ताई, पथकप्रमुख म्हणून सांगतोय. सोड!"

"रुक्माने ऐकलं नाय असं लिही. आता कपारीत शिर. मी दोर सोडणार नाय, त्यामुळे तुला दुसरीकडे कुठे जायला जागाच नाय."

पुढची मिनिटं वरदा कधी विसरल्या नाहीत. रुक्मा एक पाय मागे रोवून उभी होती. दोर जराही सरकत नव्हता. तिच्या कपाळावरून घाम भुवईपर्यंत आला आणि तिथून डोळ्यात गेला, तरी तिने तो पुसला नाही. हात मोकळा नव्हता. खाली दिगंबर शिव्या देत, स्ट्रेचर सांभाळत, भिंतीवरून पाऊल-पाऊल डावीकडे सरकत होता. आपणच चुकत असू तर? हा विचार रुक्माच्या मनात आला नाही असं नाही. तो आला आणि बराच वेळ थांबला. सलीमचा जीव त्या मिनिटांतच गेला असता तर तो तिच्या हातून गेला असता, आणि तिला हे माहीत होतं. तिने दोर धरून ठेवला.

अकराव्या मिनिटाला धोंडा सुटला. आधी मातीचा लोट उठला, मग आवाज आला. यंत्राचा दोर त्याच्याखाली सापडून सुतळीसारखा तुटला. धोंडा टेम्पोला घेऊन, जिथून दिगंबर आणि सलीम उतरणार होते त्या सरळ रेषेतून दरीत गेला.

धूळ खाली बसू लागली.

"दिगू?"

वॉकीटॉकी आधी नुसताच खरखरला. "आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "दोघंही आहोत. कपारीत आहोत."

"बरं. आता सावकाश बाहेर ये. मी सोडते."

मग एकट्या दोरावर, एका हाताच्या मुठीतून, रुक्माने त्या दोघांना चाळीस मीटर खाली उतरवलं.

*

सलीम वाचला. त्याचं एक पाऊल कापावं लागलं, पण तो वाचला.

चौकशी जिल्ह्याच्या कचेरीत झाली. समोर उपसंचालक खोपकर होते, मृदू बोलणारे, फायलीत बोट घालून ठेवण्याची सवय असलेले. रुक्मा, दिगंबर आणि वरदा एका बाजूला बसले होते. पथकातली बाकीची माणसं मागे उभी होती. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"तुम्ही आज्ञा मोडली, पण दोन जीव वाचले," खोपकर म्हणाले. "शासन तुमच्यावर कारवाई करणार नाही. उलट तुमच्यासाठी एक अपवाद करतोय. तुम्ही पट्टा लावा, पण तुमचा आकडा क्रमवारीत धरला जाणार नाही. उद्यापासून पुन्हा दोरावर."

"आणि भिकू?" रुक्माने विचारलं. "शैला?"

"त्यांचा या प्रसंगाशी संबंध नाही."

"साहेब, भिकू मोडलेली मान धरून बसतो. त्याच्या कामात तुमचं ते विस्थापन झालं, तर माणूस जागच्या जागी मरतो. दोन तास त्याने काही हलू दिलं नाय, म्हणून तुम्ही त्याला शून्य दिलं. मला एकटीला अपवाद नको. मी चांगली आणि तो नालायक, असं त्यातून निघतं. पट्टा सगळ्यांचा काढा, नाहीतर मला दुसऱ्यांदा काढा."

"हे हट्टाचं बोलणं झालं."

"हट्टच आहे."

खोपकर वरदांकडे वळले. "मॅडम, तुमचं यंत्र चुकतं का?"

वरदांनी मान हलवली. "नाही. ते कार्य मोजतं आणि बरोबर मोजतं. त्या दिवशी माझ्या पडद्यावर 'काम पूर्ण' लिहिलं होतं आणि दोन माणसं हवेत लटकत होती. पडद्यावरचं गणितही बरोबरच होतं, दोरावर भार खरंच शून्य होता. भौतिकशास्त्राने एक शब्द आपल्यापुरता उचलला आणि त्याला नेमका अर्थ दिला. आपण तो अर्थ उचलून पुन्हा माणसांवर लावला, ही चूक यंत्राची नाही, माझी आहे. मी लेखी देतेय की माणसांची क्रमवारी लावायला हा पट्टा वापरू नये."

"ते आम्ही ठरवू," खोपकर म्हणाले.

तेव्हा दिगंबर उठला. त्याने कमरेचा पट्टा सोडला आणि टेबलावर, फायलीच्या शेजारी ठेवला.

"एकोणीस लाख आहेत यात," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी मी वर चढलो तेव्हा माझा दोर हिच्या हातात होता, म्हणून चढलो. त्या साठाखोलीच्या हुकमावर मी सही केली. आज ती मागे घेतो. प्रमुखपदही घ्या हवं तर."

तो रुक्माकडे वळला. रुक्माने त्याच्या बाहीला धरून त्याला खाली बसवलं. मागून एकेक जण पुढे येऊ लागला. टेबलावर एकवीस पट्टे जमले, तेव्हा खोपकरांना फाईल मांडीवर घ्यावी लागली.

*

नोटिसा आल्या. पहिली आली, दुसरी आली. पथकाने त्या वाचल्या आणि खिळ्याला लावून ठेवल्या. सहा आठवडे पथक पट्ट्यांशिवाय घाटात उतरत राहिलं. रुक्मा दोरावर, भिकू मानेशी, शैला वायरलेसवर. कुठल्याही हाकेला ते गेले नाहीत असं झालं नाही. बंदी घालायची तर घाट उघडा पडला असता, आणि तेवढं धाडस जिल्ह्याला झालं नाही. शेवटी दोन ओळींचा हुकूम आला, भोरकडा पथकात कार्यपट्टा केवळ प्रशिक्षणासाठी वापरावा. राज्यातल्या बाकीच्या आठ घाटांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. रुक्माने पत्र लिहून विचारलं, तेव्हा उत्तर आलं की तो तिच्या कक्षेतला विषय नाही.

वरदांनी मग कोणाची परवानगी न घेता आपला अहवाल आठही पथकांना पाठवला. त्यांची पुढची बढती थांबली.

एका रविवारी रुक्मा आणि दिगंबर जीप काढून दक्षिणेच्या घाटातल्या पथकाकडे गेले. वाटेत खोपकरांचा फोन आला. दुसऱ्या पथकात जाऊन बोलण्याची परवानगी नाही, ही शिस्तभंगाची बाब होईल, असं ते म्हणाले. रुक्माने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साहेब, आम्ही पोचत आलोय." मग तिने फोन दिगंबरकडे दिला आणि त्याने तो बंद केला.

तिथल्या सभागृहात तीस-बत्तीस माणसं बसली होती. सगळ्यांच्या कमरेला पट्टे. रुक्माने घडलेलं सगळं सांगितलं, कुठलाही भाग न गाळता, दोर धरून उभी असताना वाटलेली भीतीसुद्धा. सांगून झाल्यावर पुढच्या रांगेतली एक बाई उठली. तिच्या तळहातांवर दोराचे घट्टे होते.

"आमचा प्रमुख तुमच्या भावासारखा नाही," ती म्हणाली. "तो आमच्या बाजूने उठणार नाही. त्यांनी आम्हाला काढून टाकलं तर?"

"टाकतील," रुक्मा म्हणाली. "खोटं कशाला सांगू? पण घाटात माणूस पडला की तुम्ही जाणार. काढलं तरी जाणार. तुम्हाला ते ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक आहे. आजवर त्याच्याच जोरावर त्यांनी तुम्हाला गप्प ठेवलं. तोच जोर तुमच्याकडेही आहे."

बाई खाली बसली नाही. तिच्या प्रमुखाने भिंतीशी उभं राहून घसा खाकरला. तिने त्याच्याकडे वळून पाहिलं, पट्ट्याचा खटका उघडला, पट्टा खुर्चीवर टाकला आणि रुक्माला विचारलं, "पट्टा नाकारल्याचं पत्र कोणाच्या नावे लिहायचं, ते सांगा."